काल काय शिकवलं गं?

चि. चिऊस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर मी विचारलं, "आज शाळेत काय शिकवलं?" तू म्हणालीस, "काही नाही," आणि जेवणाची घंटा झाली म्हणून फोन ठेवलास. तुझं काही चुकलं नाही. दिवसभर वर्गात बसून आल्यावर पुन्हा तेच उगाळायला नको वाटतं, हे मला कळतं. पण ते दोन शब्द ऐकल्यापासून माझं कशात लक्ष नाही. तुझ्याएवढी असताना मी हेच दोन शब्द रोज सकाळी एकीला ऐकवत होते. ते सगळं फोनवर सांगायला जमणार नाही, म्हणून लिहायला बसले.

२०१९ ची येळवस, मार्गशीर्ष अमावास्येची आपली मळ्यातली पूजा, आठवते का तुला? २६ डिसेंबर होता आणि नेमकं त्याच सकाळी सूर्यग्रहण आलं होतं. तू लहान होतीस. ग्रहण सुटल्याशिवाय पूजा नको म्हणून सगळी माणसं मळ्यात कडब्याच्या कोपीजवळ थांबली होती. मळ्यातल्या मावशीने गव्हाची पत्र्याची चाळण उन्हात धरली आणि खाली अंथरलेल्या पांढऱ्या धोतरावर शंभरेक चंद्रकोरी उमटल्या. चाळणीची भोकं गोल, आणि उजेड मात्र कोरीच्या आकाराचा! तू ओंजळ धरून त्या कोरी गोळा करत होतीस. घरी येताना तू विचारलंस, "मावशीला वाचता येतं का? मग तिला हे कसं माहीत?" मी नुसतं "येतं की" म्हणाले आणि विषय बदलला.

वाचता येतं एवढंच नाही, चिऊ. मला वाचायला तिनेच शिकवलं.

आमची घरं एका भिंतीला लागून होती. ती माझ्यापुढे एक वर्ष. आमच्या शाळेतून चौथीच्या स्कॉलरशिपला बसलेली त्या वर्षीची ती एकटी मुलगी. मला पाढे तिने पाठ करून घेतले, तेही जात्यावर बसल्या-बसल्या. जातं थांबलं की पाढा थांबायचा. आणि दर जून महिन्यात तिची पुस्तकं माझ्याकडे यायची. बालभारतीची ती पुस्तकं, वर्तमानपत्राची कव्हरं घातलेली, सुटलेली पानं तिने दाभणाने शिवलेली. समासात पेन्सिलने बारीक अक्षरात काय काय लिहिलेलं असायचं. अवघड शब्दाचा अर्थ, गणिताची आधीची पायरी, कुठे "हे गुरुजींनी दोनदा सांगितलं". इंग्रजी आम्हाला पाचवीपासून होतं (पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं, आमच्या नंतर). तिने प्रत्येक इंग्रजी शब्दाखाली मराठीत उच्चार लिहून ठेवला होता. त्या पेन्सिलीच्या आधारावर मी पाचवी, सहावी, सातवी काढली. माझ्या हुशारीचं घरात कौतुक व्हायचं, पण अर्धी हुशारी समासात लिहिलेली होती.

भूकंपाचं तुला माहीत आहे, ३० सप्टेंबर १९९३. किल्लारीच्या बाजूला गावंच्या गावं गेली. आमच्या गावात माणसं वाचली, पण भिंतींना तडे गेले. आमचे वर्ग बरेच दिवस पत्र्याच्या शेडमध्ये भरत होते. तिच्या बाबांनी घर सावरण्यासाठी कर्ज काढलं. गावची शाळा सातवीपर्यंतच होती. पुढे शिकायचं तर हायस्कूल नऊ किलोमीटरवर, आणि तिथे जायला एसटी. मुलींची फी माफ होती. पण एसटीचं काय? विद्यार्थ्यांना सवलतीचा पास तेव्हाही होता, तरी महिन्याच्या महिन्याला रोख पैसे मोजावे लागत. १९९५ च्या उन्हाळ्यात ती सातवी पास झाली, पहिल्या नंबराने. जूनमध्ये तिच्या धाकट्या भावाचं नाव शाळेत घातलं आणि ती खुरपायला जाऊ लागली. कुणी रागावलं नाही, कुणी रडलं नाही. नुसतं तिचं दप्तर आढ्याला टांगलं गेलं.

त्या वर्षी मी सातवीत होते. रोज संध्याकाळी ती ओट्यावर यायची आणि म्हणायची, "काय शिकवलं गं?" मी सगळं सांगायचे. तिला ते सगळं येतच होतं, उलट माझं चुकलेलं ती सुधारायची. त्याच दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, २४ ऑक्टोबर १९९५ ला सूर्यग्रहण होतं. आपल्याकडे ते खंडग्रास दिसलं. सुट्टी लागण्याआधी गुरुजींनी सांगितलं होतं की सूर्याकडे बघू नका, पुठ्ठ्याला सुईने भोक पाडा आणि उजेड भिंतीवर घ्या. मी ते तिला सांगितलं. सकाळी घराघराची दारं बंद होती, आणि आम्ही दोघी लपून तिच्या घरामागे पुठ्ठा घेऊन उभ्या. माझा हात थरथरत होता म्हणून माझी कोर भिंतीवर ठरेना. तेवढ्यात ती म्हणाली, "पुठ्ठा राहू दे, भिंत बघ." मागे लिंबाचं झाड होतं. त्याच्या पानांतून नव्याने सारवलेल्या भिंतीवर रोज गोल कवडसे पडायचे. त्या दिवशी एकूण एक कवडसा विळ्यासारखा वाकडा झाला होता. झाडच चाळणी झालं होतं, हे तिच्या लक्षात आलं. मी पुठ्ठाच धरून बसले होते. ती भिंतीवर बोट फिरवत एकेक विळा मोजत होती. "म्हणजे रोज जो गोल कवडसा दिसतो, तो भोकाचा आकार नसतो, सूर्याचा असतो," ती म्हणाली. हे गुरुजींनी सांगितलं नव्हतं. तुला सातवीत ग्रहणाचा धडा होता तेव्हा मी तुला हेच वाक्य सांगितलं होतं. ते माझं नव्हतं, तिचं होतं.

मग १९९६ आलं. ज्या गावात पुढची शाळा नाही तिथल्या मुलींना शाळेपर्यंत एसटीचा प्रवास फुकट झाला. अहिल्याबाई होळकरांच्या नावाने ती योजना निघाली. जूनमध्ये माझं नाव आठवीत घातलं. तिची सातवी १९९५ ची, माझी १९९६ ची. आमच्या दोघींत एवढाच फरक होता, चिऊ. मी जास्त हुशार नव्हते आणि माझ्या घरी जास्त पैसेही नव्हते. मी एक वर्ष उशिरा जन्मले.

तू म्हणशील, मग पास निघाल्यावर ती का नाही आली? मीही तेव्हा घरी हेच विचारलं होतं, एकदाच. तोवर वर्ष मोडलं होतं. कर्ज फिटलं नव्हतं आणि तिच्या मजुरीची घराला सवय झाली होती. "आता बारक्या पोरींत बसणार का?" असं कुणीतरी म्हणालं. तिची आई मात्र एकदा आमच्या घरी येऊन पासाचं विचारून गेली. त्यावर पुढे काही झालं नाही. मी तिच्या बाबांसमोर जाऊन बोलायला हवं होतं. तेरा वर्षांच्या पोरीचं कुणी ऐकलं नसतं, असं सगळे मला सांगतात. पण मी बोललेच नाही, त्यामुळे ते ऐकलं असतं की नाही हे मला कधीच कळणार नाही.

आठवीची पुस्तकं माझ्या हातात कोरी आली. आयुष्यात पहिल्यांदा मला नव्या पुस्तकांचा वास आला आणि मी हरखून गेले. समास पांढरेफटक. ते का पांढरे आहेत हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

नऊची गाडी वडाखाली थांबायची. कंडक्टरने दोरी ओढली की ड्रायव्हरजवळ घंटा वाजायची. एकदा वाजली की थांब, दोनदा वाजली की चल. आम्ही चार मुली होतो. पास दाखवताना मी तो उगाचच जरा वर धरायचे, सगळ्यांना दिसावा म्हणून. शनिवारी सकाळची शाळा, तेव्हा गावात रात्री मुक्कामाला असलेल्या गाडीने अंधारातच निघायचं. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की गाडी अलीकडेच परत फिरायची, आणि आम्ही चपला हातात घेऊन घरी यायचो. या गमती तुला खूपदा सांगितल्यात. वडाखाली आणखी कोण असायचं, ते मात्र कधी सांगितलं नाही.

तीही त्याच वेळेला शेताकडे निघायची. हातात विळा, डोक्यावर भाकरीचं फडकं. गाडी यायच्या आधी पाच मिनिटं थांबायची आणि विचारायची, "काल काय शिकवलं गं?" आणि मी म्हणायचे, "काही नाही."

पहिल्यांदा म्हणाले तेव्हा मला वाटलं, नव्या शाळेतलं ऐकून तिला वाईट वाटेल. हे खरं आहे, पण पूर्ण खरं नाही. सातवीपर्यंतचं तिला येत होतं, म्हणून सांगताना मी तिच्या मागे होते. आठवीतलं तिला येत नव्हतं. पहिल्यांदाच मला काहीतरी येत होतं जे तिला येत नव्हतं, आणि ते मला माझ्याजवळच ठेवावंसं वाटलं. शिवाय बाकीच्या तिघी गाडीत जागा धरायच्या घाईत असायच्या, त्यांच्यासमोर विळा घेतलेल्या पोरीशी बोलत थांबायला मला नको वाटायचं. हे तुला लिहिताना हात जड होतोय. पण अर्धं सांगायचं तर पत्र कशाला लिहायचं?

त्यातला एक दिवस मला लख्ख आठवतो. आदल्या दिवशी गणिताच्या सरांनी वर्गाबाहेर नेलं होतं. एक लांब दोरी, तिला सारख्या अंतरावर गाठी मारून बारा भाग केलेले. तीन मुलींना तीन कोपऱ्यांवर उभं केलं, एका बाजूला तीन भाग, दुसऱ्या बाजूला चार, तिसऱ्या बाजूला पाच. दोरी ताणली आणि सर म्हणाले, "हा कोपरा काटकोन. मोजायची गरज नाही, चुकायचं नाही." गुण्या लावला तर खरंच बरोबर बसला. पायथागोरस मला पुस्तकातून कळला असता की नाही, माहीत नाही. त्या दोरीतून कळला. परत येताना गाडीत मला सगळ्यात आधी तीच आठवली. हे ऐकून तिने लगेच कासरा आणला असता, गाठी मारल्या असत्या आणि अंगणात काटकोन करून बघितला असता. दुसऱ्या दिवशी वडाखाली तिने विचारलं. मी म्हणाले, "काही नाही."

नववीच्या दिवाळीनंतर तिने विचारणं बंद केलं. त्याच वर्षी तिचं लग्न ठरलं. सोळा वर्षांची होती. लग्नात मी करवली म्हणून मिरवले आणि दोन दिवसांनी सहामाहीचे पेपर घ्यायला शाळेत गेले.

माझं सासर तिच्या सासरच्या शेजारचं निघालं, हे मी माझं नशीब समजते. पण या गोष्टीबद्दल आम्ही कधी बोललो नाही. गेल्या वर्षी तिच्या नव्या गोठ्याचा पाया आखत होते तेव्हा मी मळ्यात गेले होते. मिस्त्री दोरीने तीन-चार-पाच करत होता. ती कमरेवर हात ठेवून बघत होती. "हे तुम्हाला शाळेत होतं का गं?" तिने विचारलं. मी म्हणाले, "होतं. दोरीनेच शिकवलं होतं." ती हसली. "मग तेव्हाच सांगायचं ना. आधीचा गोठा तिरका झाला नसता." ती सहज म्हणाली. मला हसता आलं नाही. संध्याकाळी चुलीपाशी बसून मी तिला वडाखालचं सगळं सांगितलं. तिने भाकरी उलटली आणि म्हणाली, "मला वाटायचं, मीच विचारून तुला त्रास देते." सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं तिला असं वाटत होतं.

तुझी सातवीची पुस्तकं रद्दीत गेली का, असं तू मागे विचारलं होतंस. ती तिच्याकडे आहेत. तिने मागितली नव्हती, मीच नेऊन दिली. विज्ञानाचं तिने दोनदा वाचलंय. ग्रहणाच्या पानावर चाळणीचं चित्र नाही म्हणून तिची तक्रार आहे.

रविवारी बाजार असतो, ती दुपारी आपल्याकडे येते. तू फोन करशील तेव्हा ती इथेच असेल आणि तुला विचारेल. आठवीच्या विज्ञानात प्रकाशाच्या परावर्तनाचा धडा आहे, त्यात आरशांच्या पट्ट्यांचा शोभादर्शक करायला दिलाय. तो तुमचा झाला असेल तर वही जवळ घेऊन बस, आणि घाईने सांगू नकोस, ती मध्येच प्रश्न विचारते. आरशाच्या पट्ट्या मी बाजारातून कापून आणून ठेवते.

आणि वर्ष संपल्यावर पुस्तकं जपून घरी आण. जिथे तुला अडलं होतं तिथे समासात पेन्सिलने लिहून ठेव, अक्षर जरा मोठं काढ. तिला आता जवळचं नीट दिसत नाही.

तुझी,
आई