कोरा रोल

चाळीसगाव

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आप्पा, नोकरी सोडून फोटोग्राफीच करायची, हे तुम्ही ठरवलं तरी कधी?" दुकानात गिऱ्हाईक होतं म्हणून नीट बोलता आलं नाही. तेव्हापासून तेच डोक्यात आहे. खरं सांगू का बेटा, एका दिवसात बसून मी काही ठरवलंच नव्हतं.

पतपेढीत कारकून होतो तेव्हा एक जुना याशिका कॅमेरा घेतला. छत्तीस फोटोंचा रोल महिनाभर पुरवायचा. पाटणादेवीकडे पळस फुलला की सायकल काढायची, एवढाच नाद. ब्लॅक अँड व्हाइटचे प्रिंट घरीच करायचो, मोरीत. खिडकीला घोंगडी, वर लाल बल्ब. डेव्हलपर लागतो 20 अंशांचा आणि मे महिन्यात आपल्या टाकीचं पाणी हाताला चटका देतं. म्हणून रात्री दोनला उठायचं, घमेल्यात माठाचं पाणी ओतायचं, त्यात बर्फाचा तुकडा टाकायचा आणि त्यावर ट्रे ठेवायचा. कागद बुडवला की आधी काहीच दिसत नाही. मग केस उमटतात, मिशा उमटतात, आणि पांढरी टोपी सगळ्यात शेवटी. ते बघताना अंगावर काटा यायचा. आजही आठवलं तरी येतो.

मग ओळखीतून एक लग्न आलं. 1994 चा वैशाख. बयाणा घेतला, नवा रंगीत रोल घातला आणि दिवसभर फिरलो. कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूला रोल गुंडाळायची चकती असते. फोटो काढून रोल पुढे ओढला की ती फिरली पाहिजे. नाही फिरली, तर फिल्म पुढच्या दांडीत अडकलेलीच नाही, असं समजायचं. मी त्या दिवशी तिकडे एकदाही पाहिलं नाही. जळगावहून रोल धुऊन आला तो सगळा नारिंगी, कोरा. कडेला कंपनीने छापलेले आकडे तेवढे होते, एक ते छत्तीस.

मुलीच्या वडिलांना जाऊन सांगितलं आणि बयाणा परत केला. ते रागावले नाहीत. ती पट्टी उजेडात धरून बराच वेळ बघत राहिले. मुलगी सासरी गेली होती. ते लग्न आता परत लागणार नव्हतं. छंदात फोटो हुकला तर हळहळ आपल्यापुरती असते. इथे मी दुसऱ्याच्या घरातलं काहीतरी घालवलं होतं. पतपेढीत हिशेब चुकला तर दुसऱ्या दिवशी दुरुस्त होतो, याला दुरुस्तीच नव्हती.

पुढच्या वर्षी ती आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आली, तेव्हा न बोलावता गेलो. निंबाला झोका बांधला होता, पोरी गाणी म्हणत होत्या. तिचे झोक्यावरचे, आईजवळ बसलेले, अंगणातले फोटो काढले. चकती फिरतेय की नाही, हे प्रत्येक फोटोला बघत होतो. पैसे घेतले नाहीत. तेवढ्यात बाकीच्या माहेरवाशिणी गोळा झाल्या, "आमना बी फोटू काढ ना भाऊ!" त्या गावातून मला पुढची तीन लग्नं मिळाली. 1998 ला पतपेढी सोडली तोवर सुट्टीच्या दिवशी मी घरी नसायचोच. तुझी आई म्हणाली, "अर्धा तिकडे, अर्धा इकडे राहण्यापेक्षा पुरता तिकडे जा." पुढे पासपोर्ट फोटो, शाळांचे ग्रुप फोटो, व्हिडिओ शूटिंग, मग डिजिटल. त्यात सांगण्यासारखं फारसं नाही, पोट भरलं.

तू आपल्या गावचे फोटोग्राफर केकी मूस यांचं नाव घेतलंस. स्टेशनजवळचं त्यांचं घर तुला मीच दाखवलं होतं. जवळजवळ पन्नास वर्षं ते घराबाहेर क्वचितच पडले. टेबलावर वस्तू मांडून त्यांनी अख्खी दृश्यं उभी केली आणि त्यांच्या टेबलटॉप फोटोंनी आपल्या गावाचं नाव दूरवर नेलं. 1989 ला ते गेले. त्यांचा मला फार अभिमान आहे. पण ती वाट त्यांची होती ताई. तू माणसांचे फोटो काढतेस, म्हणजे तुला माणसांच्या दारात जावं लागणार. त्यांच्या सुखाच्या दिवशी उपाशी उभं राहावं लागणार, आणि घरी आल्यावर झोपायच्या आधी सगळं कॉपी करून ठेवावं लागणार. तुझ्या कॅमेऱ्यात दोन कार्डं बसतात ना? दोन्ही घालत जा.

नोकरी सोडायची घाई करू नकोस, पण माझी ना नाही. आधी पुण्यातली चार-सहा कामं पैसे घेऊन कर. पैसे घेतल्यावर हात कसा चालतो ते बघ आणि मला सांग.

आखाजीला येशीलच. तो कोरा रोल मी कपाटात खालच्या खणात जपून ठेवलाय, पतपेढीच्या शेवटच्या पगाराच्या पाकिटात. आलीस की उजेडात धरून बघू.

तुझे,
आप्पा