दिवाणखान्याआधी वीजघर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उद्योगपतींची जुनी घरे संग्रहालय म्हणून जपली जातात, तेव्हा त्यांत नेमके काय जपले जावे, हा प्रश्न इंग्लंडमधील क्रॅगसाइड पाहिल्यापासून माझ्या मनात आहे. नॉर्थम्बरलँडमधील रॉथबरीजवळचे हे घर विल्यम आर्मस्ट्राँग या उद्योगपतींनी १८६३ मध्ये बांधायला घेतले, पुढे नॉर्मन शॉ या वास्तुविशारदाने ते कितीतरी वाढवले, आणि १९७७ पासून ते नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे. आत शिरल्यावर पावले आपसूक दिवाणखान्याकडे वळतात आणि तिथल्या सुमारे दहा टन वजनाच्या संगमरवरी शेकोटीसमोर माणसे खिळून राहतात. ते स्वाभाविकच आहे, पण या घराचे खरे मोल बाहेरच्या पाण्यात आहे, असे माझे मत आहे.

जलदाबावर चालणारी क्रेन बनवून टाइन नदीकाठी एल्स्विक येथे कारखाना उभारणाऱ्या आर्मस्ट्राँग यांनी घराभोवतालच्या उतारांवर ओढे अडवून तळी तयार केली आणि त्या पाण्याच्या जोरावर घरातली लिफ्ट, स्वयंपाकघरातली मांस भाजण्याची फिरती सळई आणि अखेर वीजही चालवली. १८७८ मध्ये येथील चित्रदालनात जलविद्युतीवर आर्क दिवा (दोन कार्बनकांड्यांमधल्या ठिणगीने उजळणारा) लागला आणि १८८० मध्ये जोसेफ स्वॉन या इंग्रज संशोधकाचे नव्या पद्धतीचे, काचेच्या फुग्यातल्या तापलेल्या तंतूने उजळणारे दिवे आले. ग्रंथालयातले काही दिवे मीनाकारीच्या फुलदाण्यांवर बसवलेले होते. फुलदाणी उचलली की खालच्या पाऱ्याशी असलेला तिचा संपर्क तुटे आणि दिवा मालवे. एवढी साधी, डोळ्यांना दिसणारी युक्ती शाळकरी मुलाला विजेचे मंडल जितके चटकन समजावेल, तितके एखादे पुस्तक क्वचितच समजावू शकेल.

मात्र हा सारा खर्च कशातून झाला, तेही त्याच ठळकपणे सांगितले गेले पाहिजे. रशियाविरुद्धच्या क्रिमियन युद्धानंतर (१८५३–५६) आर्मस्ट्राँग यांच्या तोफांनी एल्स्विकला जगभरातली सरकारे गिऱ्हाईक म्हणून मिळवून दिली. पर्शियाचे (आजचा इराण) शहा आणि सयामचे (आजचे थायलंड) राजे क्रॅगसाइडला पाहुणे म्हणून आले, त्यामागेही हा व्यापार होताच. शॉ यांचे वाढीव बांधकाम चालू असतानाच, १८७१ मध्ये, टाइनकाठच्या यंत्रकामगारांनी नऊ तासांच्या दिवसासाठी सुमारे पाच महिने संप केला. त्यांच्यासमोर मालकांचे नेतृत्व आर्मस्ट्राँग यांनीच केले, बाहेरदेशांतून माणसे आणून कारखाने चालवण्याचा प्रयत्नही झाला, पण शेवटी कामगारांची मागणी मान्य करावी लागली. ज्याने पाण्याकडून इतक्या कल्पकतेने काम करून घेतले, त्यानेच माणसांचे कामाचे तास कमी करायला विरोध केला, ही विसंगती त्याच्या घराच्या कथेतून वगळली तर ती कथा अर्धीच राहते आणि मग उरते ते केवळ श्रीमंतीचे प्रदर्शन.

म्हणून अशा प्रत्येक वास्तूत मालकाच्या तसबिरीशेजारी त्याच्या कारखान्यातील कामाचे तास, मजुरी आणि संपांची हकिगत मांडली जावी, असे मी आग्रहाने सुचवतो. क्रॅगसाइडला जाणाऱ्या वाचकांनी आधी उतार उतरून ओढ्याकाठचे जुने वीजघर पाहावे, मग स्वयंपाकघर आणि नोकरांच्या खोल्या पाहाव्यात, आणि दिवाणखान्यात सर्वांत शेवटी जावे.

आपला,
एक वाचक