जर्मलच्या (ॲल्युमिनियमच्या) कव्हरासाठी काकाजींचे आभार

आदरणीय काकाजी,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही मोबाईलवर काही वाचत नाही, हे मला ठाऊक आहे. पण तुमची नात वाचून दाखवेल म्हणून इथे लिहितोय. आपल्या दारव्हा-दिग्रस भागात माझ्यासारखी चूक करून बसलेले आणखीही असतील, त्यांच्याही नजरेस हे पडावं.

मी पुण्याला कामाला होतो ती सात वर्षं माझी जुनी बुलेट, उजव्या पायाच्या गिअरची, गोठ्याला लागून असलेल्या टिनाच्या शेडमध्ये उभी होती. वर ताडपत्री, बाजूला खताची पोती. त्यातलं पोटॅशचं एक फाटकं पोतं थेट चेनकव्हरला, म्हणजे इंजिनाच्या डाव्या बाजूच्या झाकणाला, टेकलेलं. परत येऊन ताडपत्री ओढली तर कव्हरांवर बुरशी धरावी तसा पांढरा थर आणि मधे मधे मोहरीएवढे खड्डे. एकेकाळी त्याच चेनकव्हरात बघून मी केस सारखे करायचो. मला खरंच भडभडून आलं.

मग घाई झाली. गाड्या धुतात अशा एका ठिकाणी सांगितलं, कॉस्टिक सोड्याचं पाणी लाव, चकाचक होते. लावलं. फसफसून फेस आला, मला वाटलं मळ निघतोय. धुतलं तर कव्हर पाटीसारखं काळं पडलेलं.

ते कव्हर गोणपाटात गुंडाळून बसस्टँडमागच्या तुमच्या दुकानात आणलं, तेव्हा तुम्ही त्यावर नुसता अंगठा फिरवला आणि म्हणालात, "सोडा लावला ना? जर्मलले सोडा चालते का बाबू? तुही माय जर्मलच्या गंजाले कधी सोडा लावते का?"

नाही लावत. आमच्या घरी गंज, म्हणजे जर्मलचं पातेलं, आतून काळा पडला की आई लिंबाच्या साली टाकून पाणी उकळते. जन्मभर डोळ्यांसमोर असलेली गोष्ट, पण इंजिनाचं कव्हर आणि स्वयंपाकघरातला गंज एकाच धातूचे, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

तुम्ही स्टूल पुढे केलं आणि समजावून सांगितलंत. लोखंडावर चढणारा गंज पोपडे धरून सुटत जातो, ॲल्युमिनियमचं तसं नाही. हवा लागताच त्यावर स्वतःचीच एक कातडी धरते, मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही पातळ, आणि तीच आतल्या धातूला सांभाळते. खरवडली तरी क्षणात पुन्हा धरते. पण पोटॅशमधलं क्लोराइड ओल धरून बसलं की ती जागोजागी फोडतं. माझे खड्डे तिथून आलेले. आणि कॉस्टिक तर कातडीही खातं, खालचा धातूही खातं. तो फेस मळाचा नव्हता, धातू विरघळताना निघणाऱ्या हायड्रोजनचा होता. ओतकामात मिसळलेलं सिलिकॉन आणि तांबं मात्र कॉस्टिकला सहजी विरघळत नाही, तेच काळं होऊन वर राहिलं.

मी म्हटलं, मग लगेच बफ मारून, म्हणजे मोटरच्या कापडी चाकावर चमकवून, द्या, लागेल ते पैसे घ्या. तुम्ही नाही म्हणालात. काकाजी, त्या नाहीसाठी तुमचे पहिले आभार. दुसरा कुणी असता तर दहा मिनिटांत चमकवून हातात दिलं असतं आणि खड्ड्यांत दडलेला सोडा आतून खातच राहिला असता.

तुम्ही काकूंकडून चिंचेचा कोळ मागवला. कव्हरभर चोळून दहा मिनिटं ठेवला, मग ब्रशने घासून स्वच्छ पाण्याने धुतलं. ब्रश प्लास्टिकचा, तारेच्या ब्रशला मी हात घातला तर तुम्ही तो उचलून मागे ठेवलात. लोखंडाचा कण ॲल्युमिनियममध्ये रुतला की तिथूनच पुन्हा डाग धरतो, म्हणालात.

मग तीन दिवस वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात भिजवून घासायचा सँडपेपर; नंबर मोठा तसा तो बारीक. ४०० नंबरपासून सुरुवात, पुढे ६००, ८००, १००० आणि शेवटी १५००. बादलीत भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब. एक नंबर आडवा घासायचा, पुढचा उभा, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही ते दिसतं. नंबर बदलला की बादलीतलं पाणीही बदलायचं, कारण ४०० चा एक खडा राहिला तर १५०० चं सगळं काम वाया. दुसऱ्या दिवशी ८०० चे ओरखडे पुरते गेले नसताना मी १००० घेतला, तर तुम्ही कव्हर उजेडात तिरपं धरून फक्त एक रेघ दाखवलीत. मी परत ८०० वर आलो.

बफच्या मोटरवर तुम्ही मला शेवटच्या दिवशी उभं केलंत. आधी गळ्यातला दुपट्टा काढायला लावला, तोंडाला फडकं बांधलं. चाकाच्या खालच्या अंगाला धर, वरच्या कडेला लागलं तर हातातून हिसकून फेकते, हे तीनदा बजावलंत. अर्ध्यात लाइन गेली. उरलेलं आपण दोघांनी जुन्या बनियनच्या चिंध्या आणि पॉलिशची पेस्ट घेऊन हाताने केलं. चिंधी काळी होतच राहिली. मी विचारलं, हे काळं निघायचं कधी? तुम्ही म्हणालात, "तो धातूच आहे बाबू. घासशीन तोपर्यंत निघन. आता थांब." मग चिमूटभर मैदा लावून चिकटपणा पुसलात आणि मेणाचा पातळ हात दिलात. वर लॅकर, म्हणजे पारदर्शक रंगाचा थर, नको, त्याचा टवका उडाला की ओल खाली शिरते आणि अळी फिरल्यासारख्या पांढऱ्या रेघा पडतात, हेही तेव्हाच कळलं.

गॅस्केटच्या (तेल अडवणाऱ्या पट्टीच्या) कडेजवळचे दोन खड्डे तुम्ही मुद्दाम सोडलेत. मी हट्ट धरला होता. तिथे घासलं तर कड बसते, तेल गळते, असं सांगून तुम्ही पेपर माझ्या हातातून काढून घेतला. आज गाडी चालू आहे आणि चेनकव्हरखाली तेलाचा एक थेंब नाही.

तुम्ही पैसे घेतले ते फक्त पेपरचे आणि पेस्टचे. तीन दिवसांची जागा, चहा, काकूंच्या हातची भाकर आणि तुमची विद्या, याचा हिशेब मी कसा करू?

दसऱ्याला गाडीची पूजा केली. आईने हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. मग वाकून चेनकव्हरात बघितलं आणि तिथेच आपला पदर नीट केला.

डाव्या बाजूचं झालं, उजवीकडचं टायमिंग कव्हर अजून तसंच पांढरं आहे. येत्या बाजाराच्या दिवशी घेऊन येतो. चिंच घरच्या झाडाची आणतो, काकूंना सांगून ठेवा.

तुमचा,
बुलेटवाला पोरगा