आबा, तुमचा रुमाल अजून माझ्याकडे आहे

आदरणीय आबा,

साष्टांग नमस्कार.

परवा रविवारी माझी जुनी जोंगा गाडी चाळकेवाडीला जाऊन आली. सज्जनगडाचा फाटा मागे टाकून ठोसेघरच्या चढाला लागले तेव्हा माझे कान इंजिनाकडेच होते. एकदाही अडखळली नाही. वर पवनचक्क्यांपाशी गाडी उभी केली, बॉनेट उघडलं, तुम्ही शिकवलंत तसं आधी तेल आणि मग पाणी पाहिलं. सगळं जागेवर होतं. तिथेच मडगार्डला टेकून मी रडले. हे तुम्हाला फोनवर सांगता आलं नाही, कारण तुम्ही "बरं झालं पोरी" एवढं म्हणून फोन ठेवता. म्हणून लिहितेय, आणि चार लोकांनी वाचावं म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

ज्यांना जोंगा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. निसानच्या पी-६० गाडीच्या परवान्यावर जबलपूरच्या लष्करी वाहन कारखान्यात ही गाडी बनायची. जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जोडून 'जोंगा' झालं. सहा सिलिंडरांचं ३९५६ सीसीचं पेट्रोल इंजिन, ११० अश्वशक्ती, पुढेमागे पाट्याच्या स्प्रिंगा. १९९९ पर्यंत ती लष्करात होती. आता लोक मला पहिला प्रश्न धोनीच्या जोंगाबद्दल विचारतात आणि दुसरा, "वडील मिलिटरीत होते का?" नव्हते. लहानपणी सुट्टीत मी नगरला मावशीकडे जायचे. भिंगारच्या छावणीजवळच्या रस्त्यावरून हिरव्या जोंगा जायच्या. त्यांचा तो जाडा, संथ आवाज ऐकला की मी हातातलं टाकून दारात जायचे. एवढंच कारण. बँकेतल्या नोकरीची चौदा वर्षं झाली आणि तो आवाज आपल्या दारात असावा असं ठरवलं.

गाडी घेतली त्याची कागदपत्रांची कथा इथे सांगत नाही. ती लष्कराच्या लिलावातून एकाकडे गेली होती, त्याच्याकडून माझ्याकडे आली. ऑलिव्ह ग्रीन रंग लष्कराबाहेरच्या गाडीला चालत नाही, तसा नियमच आहे, म्हणून माझ्याकडे आली तेव्हा ती राखी रंगाची होती. पण डॅशबोर्डच्या खाली हात घालून बॅटरी मारली की मूळचा हिरवा दिसायचा. पहिल्या रात्री मी तो तीन वेळा पाहिला.

पुढची दोन वर्षं कशी गेली ते तुम्हाला अर्धंच माहीत आहे. पहिल्या गॅरेजवाल्याने बॉनेट पुरतं उघडायच्या आधीच सांगितलं, "हे पेट्रोलचं धूड काढा, डिझेल इंजिन बसवून देतो." मी म्हटलं, मला हेच इंजिन हवंय. तो माझ्याकडे बघून नाही, माझ्या भावाकडे बघून म्हणाला, "ताईंना समजवा." गाडी माझी, पैसे माझे, कागदावर नाव माझं. भाऊ फक्त सोबतीला आला होता.

दुसऱ्याने ॲडव्हान्स घेतला. मे महिन्यात कार्बोरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारा भाग, उतरवला, "पार्ट मागवलाय" म्हणाला आणि पुढे फोन उचलणं बंद केलं. सप्टेंबरात मी जाऊन उभी राहिले तेव्हा गाडी गळक्या पत्र्याखाली होती. कार्बोरेटर काढल्यावर मॅनिफोल्डला, म्हणजे ती हवा सिलिंडरांत नेणाऱ्या नळीला, जे तोंड राहतं ते तसंच, आ वासून आभाळाकडे. साताऱ्याचा अख्खा पावसाळा त्या तोंडातून आत गेला होता. व्हॉल्व्ह उघडे असलेल्या सिलिंडरांत पाणी उतरलं, पिस्टनच्या रिंगा गंजून चिकटल्या, इंजिन जाम झालं. सुटे नट-बोल्ट सिमेंटच्या गोणीत भरून त्याने माझ्या हातात दिले. एक चिंधीसुद्धा त्याला त्या तोंडावर टाकावीशी वाटली नव्हती. तिसऱ्याने भंगारासारखा वजनावर भाव सांगितला.

मग दूध घालणाऱ्या भाऊंनी तुमचं नाव सुचवलं. ईएमईमधून, म्हणजे लष्कराच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या शाखेतून, हवालदार म्हणून निवृत्त झालात, आता शेती करता, गाड्यांना हात लावत नाही, पण विचारून बघा, असं म्हणाले. तुम्ही एसटीने आलात, खांद्याला कापडी पिशवी. पहिला तासभर पान्हा बाहेरच काढला नाहीत. गाडीभोवती फिरलात, खाली वाकून पाहिलंत. पेट्रोलने चिंधी ओली करून पुढच्या बंपरवर हळूहळू घासत राहिलात, आणि राखी रंगाखालून एक बाण उगवला. वर टोक असलेला लष्करी नंबराचा बाण, त्याच्या पुढे ८ आणि ४. "हे हिचं साल," तुम्ही म्हणालात. "तेव्हा मी सिकंदराबादला रिक्रूट होतो." मग पहिल्यांदा माझ्याकडे बघून विचारलंत, "शेवटची चालू कधी झाली होती, पोरी?" भाऊ शेजारीच उभा होता. प्रश्न मला विचारला होता.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते.

दुपारी एक वाजला, आईने जेवायला हाक मारली. तोवर तुम्ही मॅनिफोल्डवरचं माझं प्लास्टिक काढून आत उजेड टाकून पाहिलं होतं. तुम्ही उठलात, दोन पावलं गेलात आणि परत फिरलात. खिशातून रुमाल काढलात. पांढरा, इस्त्रीचा, चार घड्यांचा. तो झटकून उघडलात, त्या तोंडावर पसरलात, पिशवीतली सुतळी काढून खालून दोन वेढे दिलेत आणि गाठ मारलीत. माझ्याकडे पाहिलंही नाहीत. हात धुतलेत आणि पिठलं-भाकरी खायला बसलात. दुपारभर ऊन तापलेलं होतं आणि घाम तुम्ही शर्टाच्या बाहीने पुसत होतात, कारण रुमाल इंजिनावर होता.

चार महिने, पूर्ण पावसाळा, एका माणसाला जे सुचलं नाही ते तुम्ही अर्ध्या तासाच्या जेवणासाठी केलंत. अंगणात तेव्हा पाऊस नव्हता, वारासुद्धा नव्हता. आणि आतलं सगळं आधीच गंजलेलं होतं. मी नंतर तसं म्हटलंही, की आबा, आता अजून काय बिघडणार होतं. तुम्ही म्हणालात, "उघडं टाकून उठायचं नसतं." एवढंच बोललात आणि प्लग काढायला लागलात.

पुढचं काम लोकांना मोठं वाटतं, मला ते त्या रुमालापुढे लहान वाटतं. तरी लिहिते, कारण कुणा दुसऱ्याच्या अंगणात असंच जाम इंजिन उभं असेल. तुम्ही सहाही भोकांतून डिझेल आणि ऑइल ओतलंत आणि तीन रात्री थांबलात. स्टार्टरला हात लावू दिला नाहीत. चौथ्या दिवशी क्रँकच्या पुलीला मोठा पान्हा लावून थोडं पुढे, थोडं मागे, असं अर्धा दिवस. जोर करायचा नाही, नाहीतर रिंग मोडते. दुपारी कधीतरी ती बोटभर सरकली आणि तुम्ही पान्हा माझ्या हातात दिलात. दोन व्हॉल्व्ह अडकले होते ते सोडवलेत. पंपाचं रबर आणि पेट्रोलच्या नळ्या नव्या घातल्यात, हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला जुनं रबर टिकत नाही म्हणून. आधीच्या कुणीतरी प्लगच्या दोन वायरींची अदलाबदल केली होती. तुम्ही मला प्रत्येक प्लगला ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरसमोर उभं करून एक-पाच-तीन-सहा-दोन-चार हा ठिणगीचा क्रम मोठ्याने म्हणायला लावलात, पाढ्यासारखा. तो मी आता झोपेतही म्हणेन. डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटची फट मी लावली, तुम्ही फक्त पाहत होतात.

तुम्ही मजुरी घेतलीत हे मुद्दाम लिहितेय. दिवस मोजून घेतलीत, एका दिवशी तुम्ही उशिरा आला होतात त्याचा अर्धाच धरलात. मला हे फार आवडलं. "पैसे कशाला" असं म्हटलं असतंत तर मी ओशाळले असते आणि पुढच्या वेळी हाक मारायला कचरले असते.

त्या दिवसापासून मला अशी माणसं दिसायला लागली आहेत. आमच्या गल्लीतला शिंपी ब्लाऊजचं उरलेलं कापड, अगदी चार बोटं असलं तरी, घडी घालून पिशवीत टाकतो. नळ दुरुस्त करायला आलेला मुलगा जाताना स्वतःच्या बुटांचे डाग फरशीवरून पुसून गेला. परवा एसटीत कंडक्टरने झोपलेल्या आजीबाईंना त्यांचं गाव यायच्या आधी दोन वेळा उठवलं. ही माणसं आधीही असणारच. माझंच लक्ष त्या गॅरेजवाल्यांवर इतकं खिळलं होतं की सगळं जग तसलंच वाटायला लागलं होतं. आबा, त्या दोन वर्षांत मी फार कडवट झाले होते. घरात सगळ्यांवर खेकसायचे. गाडी विकायची जाहिरातसुद्धा लिहून ठेवली होती. ती फाडली त्या दिवशी इंजिन चालू झालेलं नव्हतं. त्याला अजून पाच दिवस होते. ती मी रुमालाच्या दिवशी रात्री फाडली.

रुमाल तीनदा धुतला. साबणाने, सोड्याने, शेवटी केरोसीनने. मॅनिफोल्डच्या तोंडाएवढा गोल काळा डाग काही गेला नाही. परत द्यायचा म्हणून इस्त्री करून ठेवला होता, पण देववत नाही. तो गाडीतच, डॅशबोर्डच्या कप्प्यात राहू द्या. तुमच्यासाठी तसेच पांढरे सहा घेतले आहेत.

पुढच्या एक्सलच्या ग्रीसचं काम दिवाळीनंतर करू म्हणाला होतात. त्या रविवारी एसटीने निघू नका. सकाळी आठला मी जोंगा घेऊन तुमच्या वाड्यापाशी येते. काकींनाही तयार राहायला सांगा, त्यांना पुढच्या सीटवर बसवायचं आहे.

तुमची,
जोंगावाली पोरगी