मावशी, तुझ्या साक्षीबद्दल

मावशी,

समोर बसून हे बोलायला गेलो की तू "गप बस, चा पी" म्हणणार. म्हणून चारचौघांत लिहितोय.

२००७ साली चाळीच्या जिन्यापाशी पप्पांवर वार झाले, तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. पुनर्विकासाच्या संमतीपत्रांवरून भांडण पेटलेलं. अंत्ययात्रेला ही गर्दी! एका नेत्याने माझ्या खांद्यावर हात ठेवून "रक्ताचा हिशोब चुकता करू" म्हटलं आणि मला ते गोड लागलं. पुढची तीन वर्षं त्याच्याच मागे फिरलो. बंदच्या दिवशी शटर कशी खाली करायला लावायची, दगड आधी कुठे जमवून ठेवायचे, सगळं शिकलो. दहशत असतेच, ती आपल्या हातात हवी, एवढीच माझी राजकारणाची समज.

२०१०मध्ये शिवडीच्या सेशन्स कोर्टात खटला उभा राहिला. वार होताना पाहिलेले दोघे पिंजऱ्यात येऊन फितूर झाले, त्यातला एक आमच्याच मजल्यावरचा. त्याला मी बाहेर गाठणार होतो. तू मनगट धरलंस. "त्याला दोन पोरी हायेत. भ्यालाय त्यो." नातवंडं तर तुझ्याही घरात होती, आणि तुझ्या चपाती-भाजीच्या दुकानावर रात्री दोनदा दगड पडले होते.

मग तुझी साक्ष. वकिलाने विचारलं, जिन्यातला बल्ब गेलेला, मग चेहरा दिसला कसा? "रोज सकाळी दोन चपात्या न्यायचा माझ्याकडनं. मला वळखू यायचा न्हाय व्हय?" कोर्टात हशा पिकला. पण उलटतपासणी दीड तास चालली आणि तू पूर्ण वेळ उभी होतीस. खुर्ची मागता येते, हे तुला कुणी सांगितलंच नव्हतं. तिघा आरोपींपैकी दोघांना जन्मठेप झाली. तिसरा सुटला, अजून नाक्यावर दिसतो.

त्या दिवशी परतताना बसमध्ये तू कृष्णा देसाईंचं सांगितलंस. ५ जून १९७०ला लालबागमध्ये त्यांचा खून झाला, तेव्हा तू तिथली नवी सून. कम्युनिस्ट आमदार, गिरणी कामगारांचा माणूस. त्याच वर्षी पोटनिवडणूक लागली, त्यांच्या पत्नी सरोजिनीबाई उभ्या राहिल्या आणि हरल्या. वामनराव महाडिक निवडून आले, शिवसेनेचे पहिले आमदार. १६ जानेवारी १९९७ला पवईत कामगार नेते डॉक्टर दत्ता सामंतांना गोळ्या घातल्या, तेव्हाही तू रस्त्यावर होतीस. खिडकीबाहेर बघत म्हणालीस, "मयताला समदं येत्यात रं. तारखेला कोन येत न्हाय."

त्या नेत्याकडे मी परत गेलो नाही. आज युवक आघाडीचं काम करतो (पक्ष तुला आवडत नाही, ठाऊक आहे). सभेत पोरं "एन्काउंटर करा" म्हणून ओरडतात, तेव्हा मला तुझ्या सुजलेल्या पायांची आठवण येते. शहाणा झालो असं मात्र नाही. गेल्या निवडणुकीत पप्पांचं नाव घेऊन मी मतं मागितली. तू मागे उभी होतीस. काही बोलली नाहीस, दुसऱ्या दिवशी फक्त चहा दिला नाहीस.

तुझ्या वेळी नव्हतं ते आता कागदावर तरी आहे. राज्याने साक्षीदार संरक्षण कायदा २०१७मध्ये केला. डिसेंबर २०१८मध्ये सुप्रीम कोर्टाने साक्षीदार संरक्षण योजना देशभर लागू केली. जिल्हा न्यायाधीशांच्या समितीकडे अर्ज करायचा, धोका किती त्याचा अहवाल पोलीस देतात, मग घराजवळ गस्त, कोर्टापर्यंत गाडी, फारच झालं तर दुसरीकडे राहायची सोय. वस्तीत हे कुणालाच माहीत नसतं. गेली दोन वर्षं शाखेत बसून मी हेच अर्ज लिहून देतो. यात फोटो निघत नाही, पक्षातले वरचे वैतागतात.

सोमवारी मागच्या गल्लीतल्या एका मुलीची साक्ष आहे. एकोणीस वर्षांची आहे, घरचे नको म्हणतायत. मी सोबत जातोय. खुर्ची मागायची, हे तिला आधीच सांगून ठेवलंय. सकाळी आठला दुकानावर येतो. चार चपात्या बांधून ठेव, आणि जमलं तर तूही चल.

तुझा,
दुसऱ्या मजल्यावरचा