काका, आज किती वाया गेले?

काका,
साष्टांग नमस्कार.

तुम्हाला नाशिकला पोचून तीन आठवडे झाले. गॅरेजमधला कॉम्प्रेसर अजून जागचा हललेला नाही, त्याच्यावर तुमची माकडटोपी तशीच आहे. कुरिअरने पाठवू का म्हणून तुमच्या लेकीला विचारलं, तर ताई म्हणाल्या, "राहू दे, पुढच्या एप्रिलमध्ये येतीलच." फोनवर मी आभाराचा शब्द काढला की तुम्ही "बर्फ पडला का तिकडे?" असं विचारून मोकळे होता. म्हणून हे पत्र असं चारचौघांत लिहितोय. इथे तुम्हाला मला मध्येच तोडता येणार नाही.

वाचणाऱ्यांना आधी बोटीबद्दल सांगतो. २०१९ मध्ये आम्ही मिनिआपोलिसजवळ घर घेतलं तेव्हा मागच्या अंगणात स्प्रूसच्या झाडाखाली, फाटक्या ताडपत्रीत ती मिळाली. १९५८ सालची, पंधरा फुटी, अ‍ॅल्युमिनियमची रनअबाउट. पुढे डेक, बुटकी काच, मोटारीसारखं स्टिअरिंग, आणि मागे त्या काळच्या कॅडिलॅकला असत तसे दोन पंख. आत पानांचा कुजलेला थर आणि खारींची दोन घरटी. मी दापोलीकडचा. लहानपणी होड्यांच्या फटींत कापूस ठासताना पाहिलेला माणूस. दहा हजार तळ्यांचं राज्य असं ज्याच्या गाड्यांच्या पाट्यांवर लिहिलेलं असतं, त्या मिनेसोटात दारात आलेली बोट भंगारात घालायला हात धजेना.

मग जे सगळे करतात ते केलं, नावाजलेल्या दुकानात नेऊन दिली. कुठलं दुकान ते सांगत नाही, तुम्हाला माहीतच आहे. अख्खा उन्हाळा बोट त्यांच्याकडे पडून होती. परत आली ती अकराशे डॉलरच्या बिलासह. गळक्या रिव्हेटांवर, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांवर, सिलिकॉन थापलेलं, काही ठिकाणी पोकळ पॉप रिव्हेट मारलेले, तेही पाण्याखालच्या भागात, आणि मोटर अडकवायच्या मागच्या फळीच्या जागी चक्क अंगणातल्या डेकला वापरतात ते औषध लावलेलं प्लायवूड. पहिल्याच दिवशी घोट्यापर्यंत पाणी. तक्रार घेऊन गेलो तर माझ्या अकरा वर्षांच्या लेकीसमोर मालक म्हणाला, "हे तुमच्यासारख्यांचं काम नाही, नवीन घ्या." दुसऱ्या एकाने वजनावर भाव सांगितला. आपल्या मंडळाच्या ग्रुपवर विचारलं तर चौदा उत्तरं आली, त्यातली नऊ 'एम-सील लावा' अशी.

आणि मग गेल्या मे महिन्यात, संध्याकाळच्या फेरीला निघालेले तुम्ही गॅरेजसमोर थांबलात. स्वेटर, माकडटोपी, पायात कोल्हापुरी. मी इंग्रजीत हॅलो म्हटलं. तुम्ही बोटीकडे बघत मराठीत म्हणालात, "हे भरीव रिव्हेट आहेत. हे विमानवाल्यांचं काम आहे."

बरोबरच होतं ते. युद्ध संपल्यावर लढाऊ विमानं बनवणाऱ्या ग्रुमन कंपनीने १९४५ मध्ये त्याच पत्र्याच्या आणि त्याच हातांच्या जोरावर कनू होड्या काढल्या, आणि पाठोपाठ इकडे मिनेसोटात अ‍ॅल्युमिनियमच्या बोटींचे कारखाने निघाले. मला हे वाचून माहीत होतं. तुम्हाला हाताने कळलं. ओझरच्या एचएएलमध्ये १९७४ पासून मिगच्या सांगाड्यांवर रिव्हेट मारण्यात गेलेलं आयुष्य, आणि इथे लेकीकडे सहा महिने टीव्हीसमोर बसवून ठेवलेले तुम्ही! ताईंची क्षमा मागून सांगतो, त्यांना वाटत होतं की बाबा फेरी मारायला जातात.

आत चढण्याआधी तुम्ही चपला काढल्यात. तोवर त्या बोटीत किती जण बुटांसकट उतरून गेले होते. मी बघतोय हे दिसल्यावर म्हणालात, "भक्ती-बिक्ती काही नाही हो, चपलेच्या तळाला खडा अडकलेला असला तर पत्र्याला ओरखडा जातो." पुढच्या पाच महिन्यांत तुमची ही खोड मला चांगलीच कळली. मनातलं काही बाहेर आलं की लगेच त्याच्यावर तांत्रिक कारणाचं झाकण.

कामाचा तपशील इथे नको. बोट उलटी न करता आत चार बोटं पाणी भरलं, बाहेरून जिथे जिथे थेंब आला तिथे मार्करने गोल केला, एकतीस गोल झाले, एवढं पुरे. मोटरचं तर वेगळंच पुराण आहे. इव्हिनरूड कंपनीने २०२० मध्येच दुकान आवरलं, आता सुटे भाग म्हणजे भाविकांनी एकमेकांना वाटलेला प्रसाद. पण त्या दुकानदाराच्या प्लायवूडबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. तुम्ही फळी काढलीत, पत्र्यावरून हाताचं बोट फिरवलंत आणि मला फिरवायला लावलंत. पांढरी भुकटी, आणि खाली देवीच्या वणांसारखे खड्डे. लाकूड कुजू नये म्हणून त्या औषधात तांबं घालतात, आणि ओलाव्यात तांबं अ‍ॅल्युमिनियमला खातं. बोट दुरुस्त करणाऱ्याला हे माहीत नसावं? बरं, माहीत नसेल तर विचारावं तरी.

मग तळाच्या फळीखालचा चिखल काढताना ते नाणं निघालं. एका सेंटचं, १९६४ चं. अलीकडच्या सेंटवर तांब्याचा नुसता मुलामा असतो, त्या काळी जवळजवळ सगळंच तांबं. कोणाच्या तरी खिशातून पडलं आणि तिथेच ओल्यात राहिलं. लेकीने ते उचललं तर खाली पत्र्यात बरोबर नाण्याएवढी गोल खळगी, आणि तिच्या मधोमध सुईच्या टोकाएवढं भोक. तुम्ही तिला टॉर्च बाहेरून धरायला सांगितलीत. आत अंधारात एक तारा दिसला. तेव्हापासून तिची बोट झाली ती, माझी राहिली नाही.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं त्याबद्दल.

पहिल्या दिवशी तुम्ही रिव्हेट गन माझ्या हातात दिलीत आणि स्वतः डॉली, म्हणजे रिव्हेटला मागून टेकवायचा लोखंडी ठोकळा, घेऊन पुढच्या डेकखाली आडवे झालात, एकाहत्तराव्या वर्षी, ते गुडघे घेऊन. मी म्हटलं, उलटं करूया. "नाही. मागून धरणाऱ्याला समजतं रिव्हेट कसा बसतोय ते. तुम्ही मारा." मी मारला. गन घसरली, रिव्हेटने मान टाकली. लेक शेजारी टॉर्च धरून उभी, बायको स्वयंपाकघराच्या खिडकीत. माझ्या कानात त्या मालकाचं वाक्य वाजायला लागलं. तुम्ही काही बोलला नाहीत. सरपटत बाहेर आलात, पंच मारला, ड्रिलने डोकं उडवलंत, वाकडा तुकडा ठोकून काढलात आणि कोणी बघायच्या आत शर्टाच्या खिशात टाकलात. कचऱ्याचा डबा हाताशी होता. मी बघितलं हे तुमच्या लक्षात आलं तेव्हा म्हणालात, "बोटीत पडून राहायला नको. विमानात असा तुकडा राहिला तर चौकशी लागते." आणि लेकीला म्हणालात, "बाबांचा हात बसतोय हं."

रोज काम संपलं की तुम्ही सगळं मोजायचात. ड्रिलची पाती, डॉली, उरलेले रिव्हेट. मोजून काढायचं, मोजून ठेवायचं. मी विचारायचो, "काका, आज किती वाया गेले?" तुम्ही म्हणायचात, "दोन." एखाद्या दिवशी "एक." एकदा तर "आज काही नाही." मी आपला फुगत चाललो होतो.

मला शिकवणारे खूप भेटले, काका. त्यातल्या बहुतेकांना माझी चूक मला दिसण्याआधी दुसऱ्या कोणाला दिसावी याची घाई असायची. नोकरीत तर त्यासाठी मीटिंगा होतात. माणूस शिकत असताना त्याची लाज आपल्या खिशात ठेवून द्यायची, हे मी प्रथमच पाहिलं.

२६ सप्टेंबरला चंदीगडला वायुदलाने मिग-२१ ला निरोप दिला, तो तुम्ही माझ्या फोनवर पाहिलात. बोटीच्या काठावर बसून, अनवाणी. मग फोन परत दिलात आणि म्हणालात, "चला, डाव्या बाजूचे चार राहिलेत." दुसऱ्या रविवारी मिनेटोंका तळ्यात बोट उतरवली. तुम्ही आत बसायच्या आधी खाली वाकून तळावरून हात फिरवलात, उलटा करून बघितलात. कोरडा. लेकीने हॉर्न वाजवला, तो वाजला नाही, आणि तुम्ही एवढे हसलात की ताईंनी आम्हाला विचारलं, बाबा असे हसतात?

परवा शनिवारी ताई आल्या होत्या. तुम्ही मागे ठेवून गेलेला खाकी शर्ट त्यांनी मशीनमध्ये घातला आणि मशीन खडखडायला लागलं. खिशात निघालं ते सगळं श्रीखंडाच्या डब्यात घालून घेऊन आल्या. हे काय आहे हे त्यांना कळेना. मी रात्री गॅरेजच्या बाकावर ते ओतलं आणि तुमच्यासारखे दहा-दहाच्या ओळी लावून मोजले. डोकं उडालेले, मान टाकलेले, एक तर पार चपटा. माझ्या हिशेबाने सगळे मिळून बारा-तेरा व्हायला हवे होते.

एक्केचाळीस आहेत, काका.

लेकीला अजून सांगितलेलं नाही. डबा वरच्या फळीवर ठेवलाय, माकडटोपीखाली.

तुमचा,
गनवाला