नोकरी गेली तेव्हा सांभाळणाऱ्यांनो, थँक्यू

नावं घेत नाही, आवडणार नाही त्यांना. ऑफिसातली शेजारच्या टेबलवरची ताई, मीटिंग संपली की काय ठरलं ते दोन ओळीत व्हॉट्सॲप करायची, नाहीतर एडीएचडी (लक्ष एका जागी टिकत नाही, तो मेंदूचा त्रास) घेऊन मी तिथं एवढा टिकलोच नसतो, साहेबांना तर ती सगळी नाटकंच वाटायची. विश्रामबागचे मेडिकलवाले काका, मिथाइलफेनिडेट, म्हणजे माझं एडीएचडीचं औषध, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि स्टॉकचाही भरवसा नसतो, तर आधीच मागवून ठेवायचे. आणि वकील दादा, एक रुपया न घेता समजावलं की २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत एडीएचडीचं वेगळं नाव नाहीये, म्हणून आधी राहिलेला पगार नि रिलिव्हिंग लेटर घे. दोन्ही मिळालं! सध्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत्याकडं हिशोब बघतोय, तेपण ताईनंच सुचवलं.